खिळ्याला लावलेली किल्ली

वत्सला,

तुझ्या शेवटच्या अंघोळीला मी दारात हातमोज्यांचं खोकं घेऊन उभी राहिले, तेव्हापासून तुझी जाऊ माझ्याशी बोलत नाही. तेराव्याला पान वाढलं, पण मान दुसरीकडे करून. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सुरगाण्याकडून जीप भरून बायका आलेल्या, चुलीवर पाणी तापलेलं, तुला पाटावर घेतलेलं, आणि ही कोण कुठली पिकल्या केसांची बाई एकेकीच्या हातात निळे मोजे कोंबतेय!

“ओ सिस्टर,” तुझी जाऊ म्हणाली, “आमची माणूस हाय ती. आम्हाला तिची किळस नाय.”

“किळस नाही हो. परवाच तिला कॅन्सरचं औषध चढवलंय. ते अजून तिच्या अंगात आहे. अंगातून जे जे पाझरेल त्यात आहे.”

“गेल्यावर बी?”

“गेल्यावर बी.”

मी तुला शिवी दिल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी तुझ्या थोरल्या भाचीने निमूट मोजे चढवले, मग बाकीच्यांनी. एका म्हातारीने मोज्याच्या अंगठ्यात करंगळी घातली आणि रिकामं राहिलेलं बोट हलवून बघत बसली. रडता रडता दोघी-तिघी फिसकन हसल्या. मीही हसले. तू असतीस तर सगळ्यांत मोठ्याने हसली असतीस, आणि वर त्या म्हातारीला म्हणाली असतीस, “आत्या, उलटं घालून बघ, तसं तरी बसतंय का.”

पण माझं अर्धं लक्ष त्या बायकांकडे नव्हतंच. ते मुक्ताकडे होतं. मुक्ता म्हणजे आमच्या सुजाताची मुलगी, माझी नात. बारशाला तू तिला मांडीवर घेऊन “ही रडते कशी, वॉर्डातली घंटाच” म्हणाली होतीस. ती मोठी होऊन नर्सच झाली, तीही नेमकी कॅन्सरच्या वॉर्डात, आणि तुझ्या शेवटच्या महिन्यांत तुझ्या हातात सलाईनची सुई तिनेच लावली. ओढणी कमरेला बांधून ती पुढे झाली, तांब्या उचलला आणि म्हणाली, “वत्सलाआजीला पाणी मी घालते.” मोजे तिने घातले नव्हते. खोकं माझ्या हातात होतं आणि ती मागच्या दाराने आली होती.

मुक्ताला दिवस गेले होते. ते त्या घरात फक्त तिला आणि मला माहीत होतं. तुला सांगितलं नव्हतं, तुझ्या खाटेला खुर्ची लावून दुपारच्या दुपार बसले तरी सांगितलं नव्हतं. तीन महिने पुरे झाल्याशिवाय बोलायचं नसतं ना! गंमत बघ, पोटुशा बाईला मढ्याजवळ थांबू देत नाहीत. मी नुसतं तोंड उघडलं असतं तर तुझ्या जावेनेच मुक्ताला अंगणाबाहेर काढलं असतं. एक रीत तिला वाचवायला तयार उभी होती आणि दुसरीने माझं तोंड शिवलं होतं.

“मुक्ते!” मी ओरडले. कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दाबली. “घरी जा. माझा गॅस चालू राहिलाय.”

“अगं आजी, आपण बरोबरच निघालो ना? गॅस तर मीच बंद—”

“जा म्हणते ना!”

म्हातारी चळली, असं सगळ्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं. मुक्ताने किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तांब्या खाली ठेवला आणि गेली. आणि तुझ्या पायाशी उभं राहून मला तो खिळा आठवला.

वत्सला, त्या वेळच्या कुसुमला, म्हणजे मला, आज कोणी माझ्यासमोर आणून उभी केली तर मी तिच्या दोन कानाखाली देईन. कॅन्सर वॉर्डात बदली झाली तेव्हा केवढी मिजास! अंबाडा असा की वरची टोपी हलायची नाही. इंजेक्शन रूममध्ये खिडकीशी ते लाकडी टेबल, त्यावर आपण औषधं कालवायचो, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चहाचे कप. पावडरच्या बाटलीत पाणी सोडायचं, हलवायचं, सुई बाहेर ओढली की बारीक फवारा तोंडावर. लाल औषध बोटाला लागलं की दिवसभर निघायचं नाही. आणि ही बया तो डाग मिरवायची! मेंदी रंगल्यासारखी! सिरिंजमधली हवा काढताना सिनेमातल्या नर्ससारखी पिचकारी वर उडवायची, डॉक्टर बघत असतील तर जरा जास्तच उंच. मोजे घाल म्हटलं की म्हणायची, “मोज्यातून शीर कळत नाही बोटाला.” मोजे होते तरी कसले? एकच जोड धुऊन, दोरीवर वाळवून, आत पावडर मारून पुन्हा घालायचा. बोटांना भोकं पडली की त्याला चिकटपट्टी. तरी तू घालायचीस. मी तुला “मोजेवाली महाराणी” म्हणायचे.

ड्यूटी संपली की जिभेवर पितळी भांडं चाटल्यासारखी चव यायची. डोकं दुखायचं. आपण म्हणायचो, पित्त झालं. कंगव्यात केस यायचे, आपण म्हणायचो, नाशिकचं पाणी. आणि त्याच हातांनी मी घरी जाऊन कणीक मळायचे, त्याच पदराने पोरांची नाकं पुसायचे. आता रात्री अंथरुणावर पडलं की तो पदर आठवतो आणि डोळा लागत नाही. पोरं धडधाकट आहेत, त्यांची पोरं झाली, तरी आठवतो.

मग ती नवी पोरगी. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, ती आता आजी झाली असेल. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिला दिवस राहिले होते, पण रीतीप्रमाणे गप्प होती आणि रोज आपल्याबरोबर टेबलाशी उभी राहून कालवत होती. एके दिवशी वॉर्डाच्या संडासातून तिने हाक मारली आणि तू धावलीस. सगळं संपलेलं. औषधाने झालं की नशिबाने, कोणी सांगावं? डॉक्टर म्हणाले, पहिलटकरणीचं होतं असं पुष्कळदा. होतंही. पण तू त्या दिवशी जेवली नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू घरून हातोडी आणलीस. आम्ही बघतोय तोवर इंजेक्शन रूमच्या दारामागे खिळा ठोकून मोकळी.

डॉक्टर आले. “हे काय, सिस्टर?”

“कॅलेंडर लावायचंय, सर.”

कॅलेंडर लावलंसही. आणि त्याच्याखाली औषधांच्या कपाटाची किल्ली. औषधं महागाची, म्हणून कपाटाला कुलूप, आणि ज्या पोरीच्या कमरेला किल्ली तिने त्या दिवशी औषधं कालवायची, अशी आपली पद्धत. तू आम्हा सगळ्यांना गोळा केलंस आणि म्हणालीस, “जिला कालवायचं नाय तिनं सकाळी किल्ली खिळ्याला लावायची. का ते मला सांगायचं नाय. मी विचारणार नाय. कोणीच विचारायचं नाय.”

मी दीडशहाणी लगेच म्हणाले, “अगं, आमच्यात तीन महिने सांगतच नाहीत कोणाला.”

“मग सांगू नका ना. तोंडाला कुलूपच ठेवा. किल्ली तेवढी लावा.”

एकीने नुसत्या आळसाने किल्ली लावली तेव्हा मी तुझ्याकडे चुगली घेऊन आले होते. तू भांड्यात सुया उकळत होतीस, वर बघितलंही नाहीस. म्हणालीस, “दहा जणी खोट्या लावू देत गं. अकरावीला तोंड उघडावं लागू नये, म्हणून तर खिळा हाय.”

माझा नितीन पोटात होता तेव्हा मीही लावली. आठवतं? सकाळी आले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि मागे न बघता ड्रेसिंगच्या ट्रॉलीकडे गेले. मागून किल्लीचा आवाज आला. तू ती काढून कमरेला खोचली होतीस. “चला, आज मी,” एवढंच. मग उद्याही तू, परवाही तू. कितीतरी पोरींच्या वाटची औषधं तू कालवलीस, वत्सला. त्या खिडकीशी, पावडर उडू नये म्हणून पंखा बंद केलेल्या त्या खोलीत.

आणि निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी तुला रक्ताचा कॅन्सर झाला.

आपलं भांडण इथेच अडकलंय. ते तू अर्धवट टाकून गेलीस, म्हणून मी आता एकटीनेच भांडते. मी म्हणायचे, हे त्या औषधांनीच झालं. तू म्हणायचीस, “कशावरून?” मी म्हणायचे, इतकी वर्षं हुंगलंस, बोटांत मुरलं. “कशावरून? माझी चुलती डोंगरावर नागली लावत मेली. तिनं कधी सुई बघितली? तिलाबी हेच झालं.” मी चिडायचे. हॉस्पिटलला जाब विचारू म्हणायचे. तू उशीला टेकून हसायचीस. “कुसुम, तुला मला हुतात्मा करायचंय, म्हणजे माझ्या फोटोला तू हार घालायला मोकळी.” पाजी बाई! मरायला टेकलेल्या माणसाने इतकं नेमकं बोलू नये.

तुला ज्या वॉर्डात ठेवलं तिथली मुक्ताची अख्खी टीम तुला घाबरायची. तुला तेच जुनं लाल औषध लागलं. बाटली बघून म्हणालीस, “या, ओळखलंत का?” संडासाला गेलीस की झाकण लावून दोनदा पाणी सोडायचीस आणि बसायची जागा स्वतः पुसायचीस, तोल जात असला तरी. सफाईवाल्या मावशींना मोज्यांशिवाय चादरीला हात लावू द्यायची नाहीस. मी एकदा तुझी ओकारी नुसत्या हाताने पुसायला गेले तर केवढ्याने खेकसलीस! “दूर हो! मी आता चालती बाटली हाय. लेबल तेवढं लावायचं राहिलंय.” मग मी मोजे घातले आणि तू म्हणालीस, “आली मोजेवाली महाराणी.” इतक्या वर्षांनी उट्टं काढलंस.

त्या मोज्यांतून मी तुझा हात धरायचे आणि ओठांवर आलेलं गिळायचे. वत्सला, मुक्ताला दिवस गेलेत आणि ती अजून औषधं कालवतेय. बोलायला हवं होतं. तू काय करायचं ते सांगितलं असतंस. पण तीन महिने व्हायचे होते, आणि शिवाय तुझ्याकडे बघून ते शब्द तोंडातून फुटेनात. तुझ्या नळीतून तेच लाल उतरत होतं.

तुला नेल्यावर मी घरी आले तर मुक्ता ओट्याशी टेकून उभी. गॅस बंदच होता, अर्थात.

“आता सांग,” म्हणाली. “किल्ली का दिलीस?”

मी तिला खिळ्याची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती आणि मोबाईलसारखी ती किल्ली उलटीसुलटी करत होती. मग म्हणाली, “आजी, तुमच्यासारखं नाहीये आता. आमच्याकडे काचेचं कॅबिनेट आहे, हवा वर ओढून घेतं. गाऊन आहे, दोन-दोन मोजे आहेत. भिंतीवर नियम लावलेत.”

“नियमात काय लिहिलंय पोटुशा बायकांचं?”

“इनचार्जला कळवावे.”

“मग कळव.”

ती बारीक आवाजात म्हणाली, “मनमाडच्या आई म्हणाल्यात, तीन महिने कोणाला म्हणून सांगू नको.” मनमाडच्या आई म्हणजे तिच्या सासूबाई. माणूस वाईट नाही गं, जीव लावते पोरीला.

“तू मानतेस ते?”

“नाही मानत. पण मागच्या वेळी सांगितलं होतं ना, आजी. दुसऱ्या महिन्यातच सगळ्यांना सांगितलं. पेढे वाटले. आणि मग...”

मागच्या वेळी तिचं गेलं होतं. हे तुला माहीत आहे, तू तेव्हा तिला भेटायला रिक्षाने आली होतीस आणि काही न बोलता तिची वेणी घालून दिली होतीस. पण ती तेव्हाही कालवतच होती, हे माझ्या मनात तेव्हा आलं नव्हतं. आता ते आलंय आणि जात नाही. कशावरून, म्हणशील. कशावरूनच नाही. कोणाला काही सांगता येणार नाही.

“कॅबिनेट आहे ना,” मी म्हटलं. “मग मागच्या आठवड्यात तुझ्या मनगटाला बँडेज कसलं होतं?”

तिने बाही खाली ओढली. “पिशवीची नळी जोडताना गळलं थोडं. लगेच धुतलं मी. पंधरा मिनिटं नळाखाली धरला हात.”

“लाल होतं?”

तिने दुसरीही बाही खाली ओढली.

मला ओरडावंसं वाटत होतं. मनमाडला फोन करावासा वाटत होता. इनचार्जला गाठून सगळं ओकून टाकावंसं वाटत होतं. मी करणारच होते, तुला ठाऊक आहे मी कशी आहे ते. पण तुझी ती सवय आठवली. स्वतःच्या आजाराबद्दल तू आम्हाला दर वेळी पुरावा मागितलास. पोरींच्या बाबतीत मात्र एकदाही मागितला नाहीस. संडासातून एक हाक आली आणि दुसऱ्या दिवशी हातोडी. ‘कशावरून’ हा शब्द तू फक्त स्वतःसाठी राखून ठेवला होतास, आणि मी मूर्ख इतके दिवस त्याच्याशी भांडत बसले.

मी मुक्ताला एवढंच म्हटलं, “तू सांगू नकोस. पण किल्ली लाव.”

“आमच्याकडे किल्ली नसते, आजी. कार्ड असतं. दाराला टेकवायचं.”

“मग कार्ड लाव.”

“खिळा कुठे आहे?”

तिची ड्यूटी दुसऱ्या दिवशी सकाळची. ती गेल्यापासून मी दोनदा चहा केला आणि दोनदा ओतून दिला. दुधाची पिशवी फ्रिजऐवजी कपाटात ठेवली. फोनकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि फोन मांडीवर घेऊन बसले. देवासमोर बसले तर देवाऐवजी तुझ्याशीच बोलत होते. म्हटलं, वत्सला, आता तू बघ. मग आठवलं, तू कशी बघणार.

दुपारी मुक्ता आली. चप्पल काढता काढताच सांगायला लागली. त्यांच्या इनचार्ज शबाना सिस्टर, त्यांच्याकडे ती गेली आणि म्हणाली, “सिस्टर, मला काही आठवडे कॅबिनेटला लावू नका. का ते आत्ता विचारू नका.” शबाना सिस्टरने चष्म्यावरून बघितलं. मुक्ता म्हणते, वाटलं आता झापणार, माणसं कमी आहेत, सगळ्या असंच म्हणाल्या तर कसं चालेल म्हणणार. त्या म्हणाल्या, “बरं. नको सांगूस.” मग उठून फळ्याशी गेल्या. कालवायला कोणाची पाळी ते त्या फळ्यावर लिहिलेलं असतं. त्यांनी हाताच्या तळव्याने मुक्ताचं नाव पुसलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं.

मी मुक्ताला घट्ट धरलं. माझा जीव भांड्यात पडला, असं लिहिणार होते. पण पडला नाही. क्षणभर पडल्यासारखा वाटला आणि लगेच वर आला.

“वय काय गं त्यांचं?”

“कोणाचं?”

“शबानाचं.”

“असेल पस्तिशीच्या आसपास. का?”

“लेकरं आहेत?”

“माहीत नाही. आजी, तुला काय करायचंय? न विचारणं हाच तर नियम होता ना तुमचा?”

होता. तुझाच नियम, वत्सला, आणि आम्ही तो किती सोयीने पाळला! एका पावसाळ्यात तू महिनाभर गावी गेलीस. परत आलीस ती गालफडं बसलेली, ब्लाऊज अंगावर लोंबणारा. तुला आणि भाऊजींना मूल झालं नाही. हे सगळं आम्ही बघितलं आणि कोणीही काही विचारलं नाही. आल्या दिवशी खिळ्याला कोणाची तरी किल्ली होती, तू ती काढलीस, “चला, आज मी” म्हणालीस, आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो. तू लावली असतीस तर ती काढायला कोण होतं? मी होते. मी रोज त्या दारातून आत-बाहेर करत होते. तुझी किल्ली कधी खिळ्याला दिसली नाही, म्हणून मला वाटलं, तुला लावायचं कारणच नसेल.

आता कळतं. लावणारीला विचारायचं नाही, हे तुझं बरोबरच होतं. काढणारीला विचारायला हवं होतं.

हे मी मुक्ताच्या परवानगीने लिहितेय. मासिकात छापून येईल तोवर तिचे तीन महिने भरलेले असतील, सोनोग्राफी झालेली असेल. तोवर माझी झोप अशीच. बाकी तिला हसू येतंय माझं, कारण आता तेरावं आटोपलं, आणि मी उद्या डबा घेऊन तिच्या वॉर्डात जाणार आहे. शबाना सिस्टरला आवडतील की नाही माहीत नाही, पण नागलीच्या भाकरी आणि ठेचा, तुझ्या पद्धतीचा. आज एक भाकरी करून बघितली, तर पीठ मळायच्या आधी हात कोपरापर्यंत धुतले, उगाच, सवयीने.

त्या म्हणतील, “आजी, तुम्हाला कशाला चौकशा?” म्हणू देत. तुझी जाऊ बोलत नाही, त्यात आणखी एक. मी त्यांना बाजूला घेऊन विचारणार आहे.

तुझी,
कुसुम